‘बचेंगे तो और भी लढेंगे’ म्हणणाऱ्या जखमीला मारता येतं का?

आमच्या समोरच्या घरातला मुलगा बारावीत आहे, एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची, तयारी करतोय. परवा त्याने मोबाइलवर दोन प्रश्न पाठवले. पहिला असा: "आजोबा, बुराडी घाटावर अब्दालीच्या फौजेशी लढताना दत्ताजी शिंदे गोळी लागून पडले. अब्दालीच्या बाजूच्या नजीबखान रोहिल्याचा साथीदार कुतुबशहा, त्याने विचारलं, ‘क्यों पटेल, और लढोगे?’ ते म्हणाले, ‘बचेंगे तो और भी लढेंगे.’ म्हणजे ते शरण गेलेच नाहीत, उलट पुन्हा लढणार असं तोंडावर सांगितलं. मग त्याने त्यांचं डोकं कापलं ते युद्धाच्या नियमात बसतं की नाही?" दुसरा: "समोरचा नियम पाळत नसेल तर आपणच का पाळायचे?"

मी सैन्याच्या जॅग शाखेत, म्हणजे कायदा विभागात, नोकरी केली. कोर्ट मार्शलच्या फायली पाहिल्या आणि बरीच वर्षं जवानांना आणि तरुण अधिकाऱ्यांना युद्धाचा कायदा शिकवला. पण दत्ताजींचा प्रश्न मला या रूपात कुणी विचारला नव्हता. ग्वाल्हेरच्याच पोराला सुचावा असा आहे. शिंद्यांचं गाव हे. लश्कर हे वस्तीचं नावच दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून पडलेलं. तेव्हा सविस्तर लिहितो, चहा घेऊन वाच.

आजच्या कायद्याने पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्वच्छ आहे: बसत नाही. तो खून आहे. 12 ऑगस्ट 1949 चे चार जिनिव्हा करार आहेत. त्यातला पहिला जमिनीवरच्या जखमी आणि आजारी सैनिकांचा. त्याचं 12 वं कलम सांगतं की जखमीचा जीव घेण्याचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही, त्याची शुश्रूषा करायची, आणि तो कुठल्या बाजूचा आहे हे बघायचं नाही. भारताने हे करार 1950 मध्ये मान्य केले आणि 1960 मध्ये संसदेने त्यांच्यासाठी वेगळा कायदा केला. त्या कायद्यात, करारांचं संरक्षण असलेल्या माणसाला जाणूनबुजून ठार मारण्याची शिक्षा फाशी किंवा जन्मठेप आहे. म्हणजे हा परदेशी लोकांनी आपल्याला दिलेला उपदेश समजू नकोस, दिल्लीत संमत झालेला आपला कायदा आहे.

आता तुझा खरा मुद्दा: ते शरण गेले नाहीत. बरोबर, गेले नाहीत. पण संरक्षण मिळायला शरणागती हा एकच दरवाजा नाही. जो शत्रूच्या हाती सापडला आहे तो एक. ज्याने शस्त्र टाकून शरण येत असल्याचं स्पष्ट दाखवलं तो दुसरा. आणि जखमेने किंवा बेशुद्धीने ज्याला स्वतःचा बचावच करता येत नाही तो तिसरा. तिसऱ्याला तोंडाने काही बोलावंच लागत नाही, तो नुसता पडलेला असतो. अट एवढीच की त्याने हल्ल्याची कृती करायची नाही आणि पळायचा प्रयत्न करायचा नाही. आता दत्ताजींचं वाक्य या अटीवर ठेवून बघ. ‘बचेंगे तो’ हा शब्दच सांगतो की आत्ता काही करायची ताकद नाही. उद्याबद्दल बोललेलं वाक्य ही आजची कृती होत नाही. शिवी दिली, थुंकला, तुमच्या सात पिढ्या उद्धरल्या, तरी नाही. कायदा हात काय करतायत ते बघतो. मनात काय आहे ते बघायला लागला, तर जगातल्या एकाही जखमी सैनिकाला संरक्षण मिळणार नाही, कारण बरा झाल्यावर पुन्हा लढायचं हे प्रत्येक चांगल्या सैनिकाच्या मनात असतंच.

हे वर्गात सांगणं सोपं होतं. नोकरीच्या सुरुवातीला एका पलटणीत मी असंच घोकल्यासारखं बोलत होतो, तेव्हा मागच्या रांगेतला एक सुभेदार उठला. म्हणाला, "साहब, घायल है, मगर एक हाथ कंबल के नीचे है. दिखता नहीं. तब?" मी पुस्तकी उत्तर दिलं, जखमीला मारायचं नाही म्हणून. तो "जी साहब" म्हणून खाली बसला. त्याच्या त्या ‘जी साहब’चा अर्थ कळायला मला संध्याकाळ लागली. मेसमध्ये एका वरिष्ठाने माझी चांगलीच हजेरी घेतली. कायदा जवानाला मरायला सांगत नाही. आडोसा घे, अंतर ठेव, ओरडून हात दाखवायला सांग. हात शस्त्राकडे गेला की ती हल्ल्याची कृती, मग गोळी चालव. आणि नंतर चौकशी झालीच, तर तुला त्या क्षणी काय दिसत होतं आणि त्यावरून समंजस सैनिकाने काय ठरवलं असतं एवढंच बघतात; दुसऱ्या दिवशी कंबलाखाली काय सापडलं ते नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर न्युरेंबर्गला चाललेल्या एका खटल्यात जर्मन सेनापती रेंडुलिच याला याच कसोटीचा फायदा मिळाला. रशियन फौजा पाठीवर आहेत असं समजून त्याने उत्तर नॉर्वेतला मुलूख जाळत माघार घेतली होती. प्रत्यक्षात पाठलाग तसा नव्हताच. पण त्याची तशी प्रामाणिक समजूत होती, म्हणून 1948 च्या निकालात त्या आरोपातून तो सुटला. बाकीच्या आरोपांत त्याला शिक्षा झाली ती वेगळी. पुढे मी सुभेदाराचा प्रश्न स्वतःच वर्गाच्या पहिल्या तासाला विचारत असे.

या कसोटीवर कुतुबशहा सुटतो का? नाही सुटत, आणि गंमत म्हणजे त्याच्याविरुद्धचा पुरावा त्याच्याच प्रश्नात आहे. तो पडलेल्या माणसाजवळ गेला, वाकून बोलला, उत्तर ऐकून घेतलं. समोरच्याची भीती असती तर हा संवाद झालाच नसता. वकील म्हणून मला आणखी काही विचारायची गरज वाटत नाही.

1760 ला 1949 चा कायदा लावता येत नाही, हे कबूल. पण त्या काळी काहीच नियम नव्हते असंही नाही. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात हात जोडलेल्या, शस्त्र मोडलेल्या, गंभीर जखमी झालेल्या शत्रूला मारू नये असं लिहिलेलं आहे. इस्लामी धर्मशास्त्रात युद्धाचे स्वतंत्र नियम आहेत. महाभारताचा दाखला सगळेच देतात, मी देत नाही. तिथे नियम ठरतात पहिल्या दिवशी आणि शेवटपर्यंत एकही शिल्लक राहत नाही.

आता एक रास्त शंका उरते. पुन्हा लढणारच आहे, तर त्याला सोडून द्यायचं का? सोडायला कुणी सांगितलं? कायद्याचं उत्तर कैद हे आहे. युद्धकैदी म्हणजे गुन्हेगार नव्हे. तो आपल्या देशाकडून लढला यासाठी त्याला शिक्षा देता येत नाही. त्याला डांबून ठेवायचं कारण एकच, की लढाई चालू असताना त्याने परत जाऊन बंदूक उचलू नये. लढाई संपली की घरी पाठवायचं. गंभीर जखमी असेल तर लढाई चालू असतानाही पाठवायचं, पण मग त्याच्या देशाने त्याला पुन्हा आघाडीवर घ्यायचं नाही, असं तिसऱ्या कराराचं 117 वं कलम सांगतं. थोडक्यात, दत्ताजींच्या वाक्याचा विचार कायद्याने आधीच करून ठेवला आहे.

एवढंच नाही. कैदी पळायचा प्रयत्न करणार हेही तो धरून चालतो. पकडला गेला तर फक्त शिस्तभंगाची शिक्षा, तीही जास्तीत जास्त 30 दिवसांची. पळून आपल्या सैन्यात पोचला आणि पुढे पुन्हा कधी हाती लागला, तर आधीच्या पलायनाची शिक्षा नाहीच. 1971 च्या युद्धात पाकिस्तानच्या हाती लागलेले आपले वैमानिक दिलीप परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी ऑगस्ट 1972 मध्ये रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून निसटले. थेट लंडी कोतलपर्यंत पोचले, अफगाणिस्तानची सीमा हाकेच्या अंतरावर. तिथे त्यांनी लंडी खानाला कसं जायचं म्हणून विचारलं आणि घात झाला, कारण ते स्टेशन 1932 मध्येच बंद पडलं होतं. नकाशा जुना! पकडले गेले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बाकीच्या कैद्यांबरोबर वाघा सीमेवरून परत आले. परुळकर मराठी माणूस, म्हणून मला ही गोष्ट सांगायला जरा जास्त आवडते.

तू विमानांचा शौकीन, म्हणून एक पोटनियम. महाराजपुऱ्याहून मिराज उडालं की आपल्या खिडक्या थरथरतात. अशा विमानाला गोळी लागून वैमानिक पॅराशूटने उतरत असेल, तर तो हवेत असताना त्याच्यावर गोळी चालवायची नाही. जमिनीवर उतरल्यावर त्याला शरण यायची संधी द्यायची. छत्रीसैनिकांची गोष्ट निराळी, ते हल्ला करायलाच उतरतात, त्यांना हे संरक्षण नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये आपले वैमानिक अभिनंदन पाकिस्तानात पकडले गेले तेव्हा त्यांचे रक्ताळलेल्या चेहऱ्याचे व्हिडिओ घराघरांत फिरले. तिसऱ्या कराराचं 13 वं कलम कैद्याला अपमानापासून आणि लोकांच्या बघ्या कुतूहलापासून वाचवायला सांगतं. ते व्हिडिओ काढणं आणि पसरवणं या कलमाच्या विरुद्ध होतं. आपल्याकडे तेव्हा हे सगळ्यांना पटलं. शत्रूच्या कैद्याचा व्हिडिओ आपल्या मोबाइलवर येतो तेव्हाही कलम तेच असतं, हे मात्र मला जवळच्या माणसांनासुद्धा समजवावं लागतं.

आता दुसरा प्रश्न. ते पाळत नाहीत, मग आपण का?

बुराडीची गोष्ट पुढे चालवू. दत्ताजी पडले 10 जानेवारी 1760 ला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भाऊसाहेबांच्या फौजेने कुंजपुरा घेतला. तिथे कुतुबशहा हाती लागला आणि आपल्या लोकांनी त्याचं डोकं उडवलं. दत्ताजींचा सूड म्हणून तेव्हा छावणीत केवढा आनंद झाला असेल! तो पकडलेला कैदी होता. तीन महिन्यांनी, 14 जानेवारी 1761 ला पानिपत झालं. जनकोजी शिंदे जिवंत सापडले, त्यांना मारलं. इब्राहिमखान गारदी जखमी होऊन सापडला, त्यालाही मारलं. हाती लागलेल्या साध्या माणसांची कत्तल किती झाली त्याची मोजदाद नाही. पुढे 1772 मध्ये आपली फौज रोहिलखंडात उतरली तेव्हा पत्थरगडाला नजीबखानाच्या कबरीची मोडतोड झाली. म्हणजे मेलेल्याशीही हिशेब चुकता केला. पानिपतात अब्दालीने कैदी मारले ते फक्त कुंजपुऱ्यामुळे, असं म्हणणारा मी नाही. युद्ध एवढं सरळ नसतं. पण कुंजपुऱ्याने जनकोजी वाचले नाहीत, एवढं तर दिसतंच.

सूडाच्या या वाटेला कायद्याने 1949 मध्ये कडी घातली. जखमींवर सूड उगवायचा नाही, कैद्यांवर सूड उगवायचा नाही, समोरच्याने काहीही केलेलं असो. ‘सर्व परिस्थितीत’ हे शब्द चारही करारांच्या पहिल्याच कलमात आहेत. इतर बऱ्याच करारांत एकाने मोडला तर दुसरा मोकळा होतो. इथे होत नाही, कारण करार दोन सरकारांमधला असला तरी जीव तिसऱ्याचाच जातो.

कारगिलचं नाव निघालं की माझा आवाज चढतो हे तुला माहीत आहे. कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या पाच साथीदारांचं काय झालं ते मी इथे लिहीत नाही. ते ज्यांनी केलं ते गुन्हेगार आहेत. पण त्याच 1999 च्या उन्हाळ्यात टायगर हिलवर पाकिस्तानचा कॅप्टन कर्नल शेर खान (कर्नल हे त्याचं नाव, हुद्दा नव्हे) लढताना मारला गेला. त्याचा मृतदेह परत देताना आपले ब्रिगेडियर बाजवा यांनी, हा अधिकारी शौर्याने लढला, अशी चिठ्ठी त्याच्या खिशात ठेवली. पाकिस्तानने पुढे त्याला निशान-ए-हैदर हा त्यांचा सर्वोच्च शौर्य सन्मान दिला. ज्या मृतदेहांना पाकिस्तानने हात लावला नाही, त्यांना आपल्या जवानांनी त्यांच्या धर्माच्या रीतीने मूठमाती दिली. मला विचारशील तर त्या उन्हाळ्यात आपण जिंकलेल्या गोष्टींत मी हीही धरतो. कुणाला हा भाबडेपणा वाटेल, वाटो.

आता रोकडा हिशेब. शरण गेल्यावर गळा कापणार हे ज्याला ठाऊक आहे तो शरण जात नाही, शेवटच्या गोळीपर्यंत लढतो, आणि त्या गोळ्या आपल्याच पोरांना लागतात. 1971 मध्ये माणेकशॉ रेडिओवरून आणि पत्रकं टाकून पाकिस्तानी सैनिकांना सांगत राहिले: शस्त्रं ठेवा, सैनिकासारखं वागवू. 16 डिसेंबरला ढाक्यात जो शरणागतीचा कागद झाला, त्यात जनरल अरोरांनी दिलेलं आश्वासन लिहिलेलं आहे, त्यात जिनिव्हा कराराचं नाव आहे. सुमारे 93,000 माणसं आपल्या ताब्यात आली. त्यांचे सेनापती नियाझी आपल्याच मध्य प्रदेशात, जबलपूरला होते. आपण तिथे सगळंच निर्दोष केलं असं मात्र छाती ठोकून सांगू नकोस. लढाई थांबल्यावर विनाविलंब परत पाठवा असं 118 वं कलम म्हणतं, आणि शेवटची तुकडी 1974 मध्ये गेली. शरणागती भारत आणि बांगलादेश या दोघांपुढे झाली होती, त्यामुळे बांगलादेशाच्या संमतीशिवाय सोडता येत नाही, अशी आपली बाजू होती. पाकिस्तान 1973 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि त्याच वर्षी त्याने खटला मागे घेतला. कायद्याच्या विद्यार्थ्याने यावर दोन्ही बाजूंनी भांडून बघावं असं हे प्रकरण आहे.

नियम पाळणं फुकट नसतं, हेही सांगतो, नाहीतर तूच उद्या विचारशील. पानिपतातून पळताना महादजींना एका अफगाण स्वाराने गाठलं, पायावर वार केला, घोडा आणि दागिने काढून घेतले आणि त्यांना तसंच टाकून तो गेला. दया म्हणून नव्हे, लूट मिळाली म्हणून. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून दक्षिणेत आणलं. ज्याच्या धडपडीतून रेड क्रॉस उभी राहिली तो जिनिव्हाचा ड्युनान 1859 मध्ये इटलीतल्या सोल्फेरिनोच्या लढाईतल्या जखमींसाठी धावला, त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीची ही गोष्ट. पाय अधू झालेले महादजी दहा वर्षांत, 1771 मध्ये, दिल्लीत होते. बचले आणि और भी लढले. अब्दालीच्या बाजूने बघितलं तर त्या स्वाराने केवढी चूक केली! त्याने वार पुरा केला असता तर ग्वाल्हेरचा इतिहासच वेगळा झाला असता. कायद्याला ही किंमत ठाऊक आहे, आणि ती मोजायला तो दोन्ही बाजूंना सांगतो.

तू मध्येच टाकलेला एक उपप्रश्न: मग गनिमी कावाही बेकायदा का? अजिबात नाही. शत्रूला चकवणं, खोट्या हालचाली दाखवणं, रात्री छापा घालणं, बैलांच्या शिंगांना पलिते बांधून फौज भलतीकडे आहे असं भासवण्याची ती आख्यायिका, सगळं चालतं. चालत नाही ते विश्वासाचा वापर करून मारणं. पांढरं निशाण दाखवून गोळी घालणं, रुग्णवाहिकेतून दारूगोळा नेणं. 1744 मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दीखानाने भास्करपंत कोल्हटकरांना बोलणीसाठी तंबूत बोलावलं आणि तिथेच कापून काढलं, तो विश्वासघात. त्याआधी भास्करपंतांच्या स्वारांनी बंगालच्या रयतेचं जे केलं ते मात्र आपण मराठी पुस्तकांत भरभर वाचून पुढे जातो. बंगाली आया अजून मुलांना बर्गी, म्हणजे ते मराठे स्वार, आले म्हणून झोपवतात. शिवाजी महाराजांचं 1673 चं चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र, रयतेचे दाणे, भाकर, गवत, भाजी काही उचलू नका असं बजावणारं, मी वर्गात नेहमी वाचून दाखवत असे. बर्गींचं नाव काढायला मात्र मला बरीच वर्षं लागली.

मुलाखतीत हे विचारतील असं समजून एकच तयारी करून ठेव. ‘वरिष्ठाने जखमीला संपवायला सांगितलं तर?’ आर्मी ॲक्टचं 41 वं कलम वरिष्ठाची ‘कायदेशीर’ आज्ञा मोडणाऱ्याला शिक्षा देतं, आणि तो शब्द तिथे शोभेसाठी ठेवलेला नाही. 1918 मध्ये जर्मन पाणबुडीने लँडोव्हरी कॅसल हे इस्पितळ-जहाज बुडवलं आणि नंतर जीवनौकांवरही गोळीबार केला. 1921 मध्ये जर्मनीच्याच न्यायालयाने दोन लेफ्टनंटना शिक्षा दिली, हुकूम होता हे ऐकून घेऊनही. बुडणाऱ्या असहाय माणसांवर गोळी चालवणं बेकायदा आहे हे कुणालाही कळतं, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. पळपुटं उत्तर देऊ नकोस, ‘सर, मी नाही म्हणेन’ एवढं म्हण आणि थांब. त्यापुढे ते खोदतीलच.

आणि एक काम. तुझ्या बाबांच्या गाडीच्या काचेवर लाल क्रॉस चिकटवलेला आहे. शहरातल्या निम्म्या डॉक्टरांच्या गाडीवर असतो, म्हणून मी आजवर काही बोललो नाही. ते डॉक्टरांचं चिन्ह नाही. रणांगणात यावर गोळी चालवू नका असं सांगणारं ते निशाण आहे आणि 1960 च्याच कायद्याने ते परवानगीशिवाय वापरायला बंदी आहे. रविवारी बाड्यावरून येताना मी ब्लेड आणि रॉकेल घेऊन येतो, आपण दोघं खरवडून काढू. तोवर बाबांना हे वाचायला दे.